नंबर माहीत नसेल तर ९

प्रिय ताई,

पाच वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट न फोडताच बाजूला ठेवशील, अशी भीती आहे. फोडलंस तर मुद्दा पहिल्या ओळीतच सापडू दे. येत्या गुरुवारी नगरपालिकेच्या सभागृहात आपल्या गल्लीमागच्या खडीच्या क्रशरची पुन्हा सुनावणी आहे. त्यांना शेजारी दुसरा क्रशर टाकायचा आहे आणि मी तिथे उभा राहून विरोधात बोलणार आहे. होय, मीच, ज्याला वर्गात हजेरी देतानाही घाम फुटायचा. बोललास तर नगरपालिकेच्या दवाखान्यातली नोकरी जाईल, असं मोठ्या साहेबांनी मला खुर्ची देऊन, चहा पाजून सांगितलं. मी चहा संपवला, कप जागेवर ठेवला आणि बोलणारच म्हणालो.

मी अजून केसपेपरच्या खिडकीवरच आहे. नववीत शाळा सुटली, तेव्हा अक्षर चांगलं आहे एवढ्या एका गुणावर तूच मला इथे चिकटवलं होतंस. नाव, वय, पत्ता, तक्रार हे सगळं हाताने लिहायचं आणि मग कॉम्प्युटरमध्ये भरायचं. कॉम्प्युटरला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे पेशंट राहतो त्या विभागाचा नंबर. लोकांना शेजाऱ्याच्या मेव्हण्याचं गाव माहीत असतं, पण आपल्या विभागाचा नंबर माहीत नसतो. आपल्या भागात तो माझ्याशिवाय कोणाला ठाऊक असेल असं वाटत नाही. चौकोन रिकामा ठेवला तर कॉम्प्युटर पुढे सरकत नाही, आणि रांग तर फाटकापर्यंत गेलेली असते. म्हणून मी दवाखाना ज्या विभागात आहे त्याचाच नंबर टाकायला लागलो, नऊ. पत्ता कागदावर आहेच, मग काय बिघडलं, असं वाटायचं. पुढे एक चिठ्ठी सुबक अक्षरात लिहून मी पडद्याखाली चिकटवली: 'नंबर माहीत नसेल तर ९'. साहेबांनी पाठ थोपटली. दुपारच्या पाळीवालेही तीच वाचून काम करायचे.

दोन महिन्यांपूर्वी वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर नगरपालिकेची माहिती उघडली. ती कोणालाही बघता येते. एका तक्त्यात कुठल्या विभागात हवेत किती धूळ, दुसऱ्यात कुठे श्वासाचे किती पेशंट. आपला विभाग चौदा. धूळ सगळ्यात जास्त, पेशंट शून्य. विभाग नऊमध्ये दवाखाना, बाग आणि खेळाचं मैदान. तिथे सहा वर्षांतले पेशंट अकराशे चाळीस. त्या विभागात राहणारी माणसंच तीनशे बारा आहेत. मला आधी हसू आलं. मग ती चिठ्ठी डोळ्यांसमोर आली आणि मी दोन्ही तक्ते पुन्हा पहिल्यापासून वाचले.

छातीच्या तक्रारींच्या केसपेपरांचं अर्धं पान पेशंट नेतो, उरलेली अर्धी पानं दवाखान्यात वेगळे गठ्ठे बांधून ठेवतात. कंपाउंडर काका आधी म्हणाले, बाळा, क्रशरवाले तुला कच्चा खातील. दुसऱ्या दिवशी त्यांनीच कपाटाची किल्ली माझ्या डब्यावर ठेवली आणि म्हणाले, जा, सावकाश जेव. तेव्हापासून रोज जेवणाच्या सुट्टीत गठ्ठे सोडून पान न् पान पाहिलं. कोणाचं नाव उतरवून घेतलं नाही, फक्त गल्ली आणि आजार. अकराशे चाळीसपैकी आठशे सहा आपल्या विभागातले निघाले. तीनदा मोजले. कुलूप लावल्यावर मी तीनदा ओढून बघतो म्हणून तू हसायचीस ना, ती खोड एकदाची कामाला आली.

साहेब म्हणाले, चिठ्ठी तुझ्या अक्षरातली, पहिला तूच अडकशील. खरंच आहे ते. म्हणून ती मी सोलून काढून वहीत ठेवली आहे. गुरुवारी आधी तीच दाखवणार. माती मी खाल्ली, हे दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मीच सांगेन. मग क्रशरवाल्यांना माझ्याविरुद्ध बोलायला काही उरणार नाही आणि आठशे सहा पानांबद्दल बोलावंच लागेल. नोकरी जायची तर जाऊ दे. शेपूट घालून त्या स्टुलावर बसणं आता जमणार नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. पाच वर्षांपूर्वी याच सभागृहात तू म्हणालीस की आमचे वडील, आप्पा, या धुळीने गेले. क्रशरवाल्यांनी तक्ता दाखवला, चौदात एकही पेशंट नाही म्हणाले, आणि लोक हसले. घरी येऊन तू मला एवढंच विचारलंस, आप्पांची नोंद नीट केली होतीस ना? मी म्हणालो, माझ्या नोंदीत चूक निघत नाही. त्याच संध्याकाळी तू बॅग भरलीस. गेल्या सोमवारी आप्पांचं पान हाती आलं. पत्ता बरोबर आहे, घर नंबरासकट. विभाग नऊ. ताई, आपला नंबर मला पाठ होता. ते खिडकीच्या कठड्यावर हात टेकून धापा टाकत होते, मागे रांग होती आणि माझ्या बोटाला सवय लागली होती. तू खरं बोलत होतीस. माफी या पत्रात मागत नाही, ती समोर उभं राहून मागायची गोष्ट आहे. त्या आठशे सहांपैकी एकच नाव मी मोठ्याने वाचणार आहे, आप्पांचं. ते तुझंही आहे. हरकत असेल तर बुधवारपर्यंत कळव. नसेल तर उत्तर लिहू नकोस. गुरुवारी अकराला ये आणि पहिल्या रांगेत बस. या वेळी कोण हसतं ते दोघं मिळून बघू.

तुझाच,
विभाग चौदामधला भाऊ