अंबोदादाला खिडकीपासून हलवू नये

मी, रेमेदियोस काताकुतान, निवृत्त प्राध्यापिका, अविवाहित, राहणार लोस बान्योस, लागुना प्रांत. वय झालं, तरी डोकं शाबूत आहे. कुणाच्याही दडपणाशिवाय माझी अखेरची इच्छा खालीलप्रमाणे लिहून ठेवते.

१. माझी पुस्तकं आणि सूक्ष्मदर्शक माझा विद्यार्थी दोरो याला द्यावा. भाताच्या मुळांतलं, पेशीतून मीठ बाहेर काढणारं प्रथिन त्याने एकदा साबणाने इतकं धुतलं की त्याला चिकटलेला मेद कणभरही उरला नाही.

"मॅडम, बघा तरी, काचेसारखं स्वच्छ."

"आहे रे. पण मीठ नेतंय का?"

नेत नव्हतं. हे प्रथिन पेशीच्या पटलात, मेदाच्या दोन थरांत रुतून बसलेलं असतं. एका बाजूला उघडायचं, मीठ घ्यायचं, मिटायचं, मग दुसऱ्या बाजूला उघडायचं, हे सगळं त्या मेदाच्या आधाराने. पुढच्या खेपेला दोरोने थोडा मेद राहू दिला, आणि मीठ सरकलं.

२. आमच्या विभागाचे डॉ. पेर्फेक्तो तेव्हा, मेद राहू दिला म्हणून, दोरोला हसले होते. त्यांना काही नाही. माझा केकचा डबा त्यांच्याकडेच आहे, तो त्यांनी ठेवावा.

३. घर माझी भाची लुनिंग हिला. मात्र तिचे वडील, म्हणजे माझा थोरला भाऊ अंबो, हयात असेपर्यंत तळमजला आणि तिथल्या त्याच्या छोट्या दुकानाची जाळीची खिडकी त्याची. त्या खिडकीतून तो साबण, व्हिनेगर बाहेर देतो आणि गल्लीभरच्या बातम्या आत घेतो. अर्धांगाच्या झटक्यानंतरही हे थांबलेलं नाही.

लुनिंग म्हणते, "आत्या, मनिलाला लिफ्ट आहे, नर्स आहे. इथे नुसती धूळ आणि माणसांची वर्दळ."

गेल्या उन्हाळ्यात तिने त्याला नेलं. तिथे तो भरवलं तर खाई, पण तोंडातून शब्द नाही. परत आल्यावर शेजारीण चारिंग जाळीशी येऊन म्हणाली, "आलात? मला वाटलं, तिकडे नवी बायको केलीत."

दादा अडखळत म्हणाला, "तुझ्याहून भांडखोर मिळेना."

लुनिंग, बापावरची तुझी माया कमी आहे असं मी म्हणत नाही. तू त्याला फार स्वच्छ ठेवलंस, एवढंच. त्याला तिथून काढलंस तर घर दोरोकडे जाईल. तशी वेळ आणू नकोस, बाळ.

४. माझ्यामागे घर धुवा, पण खिडकीजवळचं तेलकट बाकडं खरवडू नका.

दादाला यात वाटा असल्याने त्याला साक्षीदार होता येत नाही. हे कळल्यावर तो म्हणाला, "मग मंडळींना खिडकीशी बोलाव. मी नुसता बघतो."

त्याप्रमाणे सर्वांनी खिडकीच्या फळीवर कागद ठेवून, माझ्या आणि एकमेकांच्या समक्ष सह्या केल्या.

रेमेदियोस काताकुतान (सही)

साक्षीदार:
चारिंग दिमाकुलांगान (सही)
नेस्तोर अलकांतारा (सही)
पुरिता मागबानुआ (सही)

लोस बान्योस, १७ ऑक्टोबर २०१९