चौकशीसाठी माझाच नंबर

सर,

तुमच्यापुढे एक गंभीर तक्रार मांडायची आहे, आणि ती पंख्याविषयी आहे. सुरतेतल्या प्रत्येक दुकानात गल्ल्याशेजारी एक फिरता पंखा असतो. तो आधी मालकाला वारा घालतो, मग देवाच्या तसबिरीला, मग कपाटातल्या मालाला, आणि समोर स्टुलावर बसलेल्या माणसाच्या कानापर्यंत येऊन, काहीतरी आठवल्यासारखा मागे फिरतो. पाणी विचारतात, चहा तर न विचारता येतो, आतिथ्यात कसूर नाही. पण या उन्हाळ्यात मी उधना, लिंबायत, पांडेसरा, सचिन, सगळीकडे त्या स्टुलावर बसलो आणि एक अख्खी झुळूक माझ्या वाट्याला आली नाही. विद्वानाला सगळीकडे मान मिळतो, असं तुम्ही फळ्यावर लिहून दिलं होतं. मान मिळत असेलही. वारा मिळत नाही.

स्टुलावर का बसलो, ते सांगतो. आपल्या शाळेतून तुम्ही निवृत्त झालात आणि वर्षभरात गेलात, त्यानंतर मी जवळजवळ पंचवीस वर्षं तुमच्याच वर्गात, तुमच्याच फळ्यापुढे संस्कृत शिकवलं. पोरं कमी होत गेली. आईबापांनी काहींना गुजरातीत घातलं, काहींना इंग्रजीत. शेवटच्या वर्षी नववीत सहा मुलं होती, त्यांतली दोन मला बरं वाटावं म्हणून यायची. मग मराठी माध्यमाचे वरचे वर्ग बंद झाले. उधन्यातल्या एका छापखान्याच्या मालकाने मला बोलावलं. तो मूळचा धुळ्याकडचा. लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापता छापता त्याच्या मनात आलं की सुरतेतल्या मराठी धंदेवाल्यांची एक सूची काढावी: कोण काय करतो, कुठे बसतो, फोन नंबर काय. पानं चौसष्ट. त्यांतल्या जाहिरातींची जागा मी विकायची. तो म्हणाला, "मास्तर, पुस्तक भरा आणि लोकांचे फोन वाजू द्या. वाजले तर दरवर्षी काढू, आणि तुमची नोकरी पक्की." मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा बायकोने देवापुढे साखर ठेवली. तुम्हाला आता कळलं असेल की माझं सगळं त्या वाजण्यावर होतं.

पहिलं गिऱ्हाईक यंत्रमागाचे सुटे भाग विकणारा. नावाजलेला माणूस, वीस वर्षांपूर्वी स्वतः मागावर उभा राहणारा. त्याने माझं बोलणं पूर्ण ऐकलंही नाही. "पुरं पान द्या," म्हणाला. फोटो स्वतःचा, जाकिटातला, वरच्या कोपऱ्यात वारलेल्या वडिलांचा, खाली गाडी. मी आनंदाने फॉर्म भरला आणि शेवटच्या रकान्याशी आलो. नंबर?

"नंबर नका टाकू."

"अहो, मग लोक तुम्हाला गाठणार कसे?"

"तेच तर! पुस्तक गावमा जाई ना, मास्तर? गावले फोटो दिसू द्या. नंबर बी गया तर अर्धं गाव मना दारमा उभं राही. काम द्या, खोली द्या, पोऱ्याले लावी द्या. मी दुकान चालवू का धर्मशाळा?"

मला वाटलं, हा एकटाच असा. पांडेसऱ्यात खानावळ चालवणाऱ्या बाई भेटल्या, अकोल्याकडच्या. अर्धं पान घेतलं आणि नंबराशी येताच पोळपाटावरचं लाटणं माझ्यावर रोखलं. "नंबर कायले टाकता? चाळीस ताटं होतात माह्या इथं. एकेचाळीसावा आला तं त्याले माह्या ताटात वाढू?"

"मग ताई, जाहिरात तरी कशाला देता?"

"माह्या भावजयीले दिसली पाहिजे ना! ते म्हणत होती, परमुलखात जाऊन काय दिवे लावणार." एवढं बोलून त्यांनी मला जेवायला बसवलं, म्हणजे तो एकेचाळीसावा मीच.

इच्छापोरला मजूर पुरवणारा मुकादम म्हणाला, नंबर छापला तर मला सिम बदलावं लागेल. कामरेजला रोपवाटिका असलेल्या गृहस्थांनी तर पत्ताही नको म्हटलं. नुसतं "सुरत" लिहा, गावाला तेवढं पुरतं. सर, जाहिरात म्हणजे काय याची व्याख्या तुम्ही विचारली असतीत तर मी तेव्हा सांगितलं असतं: ज्यामुळे माणूस सापडतो ती. आता सांगतो: ज्यामुळे माणूस दिसतो आणि सापडत नाही ती. हे लोक बसच्या एका तिकिटावर इथे आले, कुणाच्या तरी खोलीत पथारी टाकून राहिले, आणि आज त्यांची खोली कुणाच्याही पथारीला उघडी राहील याची त्यांना धास्ती आहे. कंजूष म्हणू नका. प्रत्येकाने आधी दहा-दहा जणांना कामाला लावून दिलेलं आहे. अकरावा येईल म्हणून घाबरतात.

पानं भरली, चौसष्टच्या चौसष्ट. मालकाने कच्च्या छपाईवरून नजर फिरवली आणि कपाळाला हात लावला. एकतीस जाहिराती बिननंबरी. "मास्तर, हे काय आहे? लोक म्हणतील छापखान्याची चूक आहे. आणि वाजणार काय, यांचे फोटो?" पंचवीस वर्षं व्याकरण शिकवलेल्या माणसाला अशा वेळी जे सुचतं तेच मला सुचलं, म्हणजे नियम पाळला जाईल आणि घोळ वाढेल असं काहीतरी. मी म्हटलं, या एकतीस जाहिरातींखाली "चौकशीसाठी" म्हणून माझा नंबर टाका. कुणी विचारलं तर मी त्या त्या दुकानदाराला विचारून पुढे कळवीन. नवरात्रात पुस्तक निघालं. प्रकाशनाला एका हॉलमध्ये शाली वाटल्या गेल्या, गठ्ठे बसने गावोगाव गेले.

आणि फोन वाजायला लागले, सर! एकतीस जणांचे सगळे माझ्याकडे. पहिल्या दिवशी मी मागाच्या सुट्या भागांबद्दल बोललो, मंडपाच्या भाड्याबद्दल बोललो, आणि एकाला आंब्याचं कलम कधी लावावं तेही सांगितलं. दहावीला असताना मी शेजारच्याचं उत्तर वहीत उतरवलं होतं, ते तुम्ही नुसतं वाचून ओळखलंत. मला उभं करून म्हणालात, "चुकलं तरी तुझं लिही. दुसऱ्याच्या तोंडाने किती दिवस बोलशील?" तेव्हा वर्ग हसला होता. आता मी एकतीस तोंडांनी बोलतो आणि हसायला वर्ग नाही.

पण बहुतेक फोन माल घेणाऱ्यांचे नव्हते. "दादा, काम भेटी का?" शिरपूरकडून, चोपड्याकडून, साक्रीकडून. त्या दुकानदारांना जे माहीत होतं तेच. आणि त्यातून एक नवीनच प्रकार झाला. एका गावात पुस्तक पारावर वाचलं गेलं, आणि वाचणाऱ्यांच्या लक्षात आलं की मागाचे भाग, खानावळ, मजूर, मंडप, रोपवाटिका, सगळ्यांखाली नंबर एकच. त्यांनी त्याचा सरळ अर्थ लावला. एक वयस्कर आवाज फोनवर आला, अत्यंत अदबीचा.

"शेठ, एकतीस धंदा तुमनाच का?"

"नाही हो बाबा, मी मास्तर आहे."

"मोठा मानूस असंच बोलस." मग खाकरून म्हणाले, "तुमले पोर शे असं आयकं. मना नातू इंजिनेर शे."

मी बायकोला सांगितलं. ती स्वयंपाकघरात भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "नाही कशाला म्हणालात? मुलगा कुठे असतो ते तरी विचारायचं." मुलगी आतून ओरडली, "पप्पा, मारे हजू परणवुं नथी!" म्हणजे लग्न इतक्यात नको. संतापली की ती गुजरातीत जाते.

त्या स्वयंपाकघरावरून दुसरं एक आठवतं. लिंबायतची आमची दहा बाय दहाची खोली. आई स्टोव्हपाशी भाकऱ्या थापते आहे, वडील रात्रपाळी करून आलेले, आणि तुम्ही धान्याच्या डब्यावर बसला आहात, कारण घरात खुर्ची नाही. वडील म्हणतात, पोरगा आयटीआयला जाईल, फिटर होईल. तुम्ही म्हणता, "याला संस्कृत घेऊ द्या. याची जीभ स्वच्छ आहे. उपाशी राहणार नाही, मी सांगतो." वडील आईला म्हणतात, सरांना भाकरी वाढ. एवढ्यावर माझं आयुष्य ठरलं. वर्गातला जो मुलगा फिटरला गेला, त्याचं या पुस्तकात अख्खं पान आहे, रंगीत. त्यानेही नंबर दिला नाही.

पुस्तकाला यश आलं म्हणावं तर प्रत्येक जण खूश आहे. फोटो गावात पोचला, फोन वाजला नाही, भावजय गप्प झाली. पुढच्या वर्षी मोठी जागा पाहिजे म्हणतात. पण छापखान्याचा मालक दिवाळीनंतर माझ्याशी तुटक बोलतो. त्याचा मुलगा म्हणतो, आता कागद कशाला, मोबाइलवरच करू, त्याला फिरणारा माणूस लागत नाही. "बघू मास्तर," एवढंच मालक म्हणाला.

परवा सचिनहून कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस कारखान्याचा फोन आला. माल रवाना करताना नोंदी करायला स्वच्छ अक्षराचा माणूस हवा, पुस्तकात नंबर सापडला, कोणी आहे का नजरेत. माझ्या तोंडून निघून गेलं, "है एक. बावन साल का है."

"उमर ज्यादा है. पहले क्या करता था?"

"संस्कृत पढ़ाता था."

पलीकडचा माणूस भला होता, हसला नाही. हळू आवाजात म्हणाला, "तो भाई, उसको बोलो किसी मंदिर में पूछे. अपने यहाँ तो बेचारा थक जाएगा." मी म्हटलं, सांगतो त्याला.

हे पत्र कुठे टाकणार, तुमचा पत्ता काही माझ्या सूचीत नाही. टाकायचा विचारही नव्हता. दोष देण्यासाठी लिहिलेलं नाही. तुमच्या त्या शब्दावर मी पंचवीस वर्षं सुखात काढली. फक्त एवढंच की घरी मी सांगून बसलो आहे, नोकरी पक्की झाली. बायकोने ते शेजारी सांगितलं, मुलीने पुढच्या शिक्षणाचा फॉर्म भरला. मालकाने तसं काहीच म्हटलेलं नाही, आणि त्याला विचारायचं धाडस मला होत नाही. दुसरं कोण घेईल मला, हे मला माहीत नाही, सर. रोज सकाळी पिशवी घेऊन घरातून निघतो, आणि कोपऱ्यावर गेल्यावर कुठे वळायचं ते ठरवतो.