बेटावर कधी जायचं

१२ ऑगस्ट २००१
हिचा पुन्हा तोच विषय. धरण भरलं तसं आमच्या बुडालेल्या गावचं टेकाड बेट झालं. आमची छबी तिथंच पुरलेली. आठ महिन्यांची होती, सतरा वर्षं झाली. बायका मातीला जात नाहीत, त्यामुळं हिनं जागा पाहिलेलीच नाही. "एकदा दावा तरी," म्हणते. म्हणालो, आता गवत माजलंय, दिवाळीनंतर बघू.

१९ नोव्हें.
डिंभ्याला होडीवाला लक्ष्मण भेटला. "मास्तर, जायचं तर आत्ताच. होडी थेट टेकाडाला लागती." घरी सांगितलं, पाणी लई आहे, उन्हाळ्यात चालत जाऊ. धडधडीत खोटं.

२ मे २००२
पाणी उतरलं. जुन्या घरांची जोती उघडी पडलीत. हिनं पिशवी भरली, त्यात छबीचं झबलं. म्हणालो, चिखल मांडीएवढा, तुझे गुडघे असे. हिनं पिशवी खुंटीला टांगली.
इथं तरी खरं लिहावं. मला जागा आठवत नाही. खड्डा वडिलांनी, आबांनी घेतला. मी पाठ करून उभा होतो. आंब्याखाली, एवढंच ठाऊक. आबा गेले. पाणी यायच्या आधी लोकांनी आंब्याची झाडंही तोडून नेली. आणि मी चौथीच्या पोरांना नकाशा शिकवतो!

७ नोव्हें.
डॉक्टर म्हणाले, हिचं ऑपरेशन लांबवू नका. ही म्हणाली, "आधी बेट." आता कुठला हंगाम पुढं करू?

९ नोव्हें.
गेलो. बेटावर चिटपाखरू नाही. आंब्याचे बुंधे सात-आठ. एकापाशी थांबून म्हणालो, "हीच." हिनं झबलं ठेवलं, दूध ओतलं, तिच्याशी हळू आवाजात बोलत बसली. मला बघवेना. पुन्हा पाठ फिरवली.
परतताना होडीत म्हणाली, "उन्हाळ्यात परत यायचं. चिखल असू द्या."
"बरं."
"तवर जागा नीट आठवून ठिवा."

१३ नोव्हें.
उद्या हिचं ऑपरेशन, पुण्याला. सकाळपासून कागदावर टेकाड काढतोय. त्या दिवशी पाठीला ऊन लागत होतं, हे नक्की. सकाळची वेळ. म्हणजे माझं तोंड मावळतीला. खड्डा मागं, उगवतीकडं. त्या बाजूला बुंधे तीन.