तुझी हाक

प्रिय बडबडे,

मी तुझ्यावर रागावले आहे, असं तू माझ्या नवऱ्याला म्हणालीस म्हणे. तसं काहीच नाही गं. लाँड्रीत तू माझं नाव 'मुकी' पाडलंस, आणि आता बोलणं हेच माझं काम होऊन बसलंय. एका डॉक्टरबाईंकडे जाते. डोळे मिटून बॉयलर फुटला त्या दिवसाचं सगळं सांगायचं, ते मोबाइलवर रेकॉर्ड करायचं आणि घरी रोज ऐकायचं. भीतीपासून पळालं की ती वाढते, म्हणतात. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांच्या बेसिनमध्ये ओकले.

घरी कुकर बंदच होता. नवरा उघड्या पातेल्यात बटाटे उकडायचा, निम्मे कच्चे, निम्मे गाळ. बाईंनी कुकरसमोर थांबायला सांगितलं. वाफ सुसू करायला लागली आणि मी अनवाणीच जिना उतरून रस्त्यावर. त्यानंतर बाईंकडे जाणंच सोडलं. पण एकदा लेक मैत्रिणींना दारातच बजावत होती, "आमच्याकडे मोठ्याने बोलायचं नाही, आई घाबरते." परत गेले. आता एक शिट्टी होईपर्यंत ओट्याजवळ उभी राहते, घामाने चिंब. याला सुधारणा म्हणतात. झोप अजून नाहीच. खरं सांगू, मी बरी होईन असं मला वाटतही नाही.

सांगताना मी दरवेळी एकाच जागी उडी मारायची. बॉयलर फुटला, सगळं पांढरं झालं, मग मी बाहेर होते. "मधलं राहिलं," बाई म्हणायच्या. गेल्या आठवड्यात ते मधलं तोंडातून निघालं. त्या वाफेत स्वतःचा हात दिसत नव्हता. पुढून तू ओरडत होतीस, "मुके, माझ्या आवाजाकडे ये." आणि मागून चादरींच्या घड्या घालणारी मावशी मला हाका मारत होती. मी तुझ्याकडे आले. ती हाका मारत राहिली. मग थांबली.

तू आमच्या खिडकीखालून हाक मारतेस ना, तेव्हा तुझ्यामागोमाग तिचीही येते. म्हणून मी खिडकी लावून घेते. तू मला वाचवलंस आणि तुझाच आवाज मला सोसत नाही. बाई म्हणतात, कुकरनंतर आता त्या आवाजाचीच पाळी. रविवारी दुपारी ये. खालून हाक मार. मी बहुधा खिडकी उघडणार नाही, बाथरूममध्ये कान दाबून बसलेली असेन. तरी लगेच जाऊ नकोस. काहीबाही बोलत राहा.

तुझीच,
मुकी