सूचनेतली दुसरी ओळ

बेडोक, सिंगापूर
डिसेंबर २०१९

प्रिय रिदवान,

काल वॉर्डात डबा ठेवला आणि पाच मिनिटांत मी पळाले, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. नर्सबाईंना तू कौतुकानं सांगत होतास, "ही माझी ताई, आमच्या अख्ख्या ब्लॉकची वकिलीण!" पायाला प्लॅस्टर, गाल खरचटलेला, तरी तुझी थट्टा चालूच. मला तिथं उभं राहवेना.

आई बरी आहे. सध्या दुपारी तुझ्याऐवजी शेजारच्या लिम मावशी तिला कुशीवर वळवतात, पेज भरवतात. आई त्यांच्यावर खेकसते, "रिदवानचा हात हलका आहे, तुमचा नाही." मावशी हसतात आणि आणखी एक चमचा पुढे करतात.

गेल्या महिन्यात लिफ्टपाशी ती सूचना लागली, तेव्हा सगळे नेहमीप्रमाणे माझ्या दारात आले. सरकारी कागद आला की तो नोरैनीनं वाचायचा आणि मलाय भाषेत समजावून सांगायचा, ही आपल्या ब्लॉकची रीतच. तू तुझी ती उभ्यानं चालवायची विजेची स्कूटर घेऊन आलास, गिऱ्हाइकांच्या जेवणाची पिशवी पाठीवर तशीच. मी सांगितलं, फूटपाथवर आजपासून बंदी. तू वैतागलास, "मग जाऊ कुठून, हवेतून?" मी म्हटलं, "रस्त्याच्या कडेनं जा. चालतं." "तू म्हणालीस म्हणजे कायदाच," म्हणत तू निघालासही.

तीन आठवडे तू कडेकडेनं गेलास. मग त्या वळणावर लॉरीनं तुला उडवलं आणि वर गुन्हाही तुझ्यावरच, कारण रस्त्यावर ती स्कूटर चालवणं आधीपासूनच बेकायदा. तेव्हापासून भेटेल त्याला तू सांगतोस, ताईचं इंग्रजी कच्चं, तिनं अर्धंच वाचलं. मला वाचवायला तू माझं इंग्रजीच कच्चं करून टाकलंस! ऐकून मेल्याहून मेल्यासारखं होतं रे.

मी अर्धं वाचलं नव्हतं. खाली दुसरी ओळ होती: रस्त्यावरची बंदी कायम, फक्त सायकलच्या वाटेनंच जा. ती वाट तलावाला वळसा घालून जाते. तिकडून आला असतास तर दुपारी आईकडे पोचणं तुला जमलं नसतं, आणि शाळेच्या कँटीनमधलं काम सोडून मला तिच्याजवळ बसावं लागलं असतं. ते मला नको होतं. म्हणून ती ओळ मी गिळली. गुरुवारी अधिकारी तुझा जबाब घ्यायला येतील, तेव्हा ताईची चूक झाली असं सांगू नकोस. हे पत्र त्यांच्या हातात दे. मी वॉर्डाच्या दाराबाहेर थांबेन. मला आत बोलवायचं की नाही, ते तू ठरव.

तुझीच अपराधी ताई,
नोरैनी