जाईच्या फॉर्ममधली माझी उत्तरं

व्हिटबी, कॅनडा,
१२ नोव्हेंबर २०१७

प्रिय नंदनदादा,

नमस्कार. वहिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं शोभामावशीकडून कळलं. खरं तर तुझ्याकडून कळायला हवं होतं, पण तीन वर्षं फोन मीच टाळला, तेव्हा तक्रार कुठल्या तोंडाने करू? इथे आम्ही बरे आहोत. शैलेंद्रचं ऑफिस अजून वॉनलाच. सकाळी सहाला निघतो आणि ट्रॅफिकला शिव्या घालत सातला परततो. कालच गाडीला विंटर टायर्स बसवले. जाई सतरा वर्षांची झाली. माझ्याहून उंच आहे, आणि वाद घालायला बसली की अगदी मामावर गेल्यासारखी वाटते.

पत्राचं कारण तिचं कॉलेजच. घरी शिकणाऱ्या मुलांसाठी अमेरिकेत एक कंपनी आहे. मुलांनी घरीच अभ्यास करायचा, एकेका विषयाची परीक्षा द्यायची आणि कॉलेजचे क्रेडिट मिळवायचे. कंपनी फक्त कोणती परीक्षा कधी द्यायची ते आखून देते, आणि दर पंधरा दिवसांनी त्यांची एक कोच फोनवर विचारपूस करते. एवढ्याचे अडीच हजार डॉलर. शैलेंद्र म्हणाला, "अगं, ही सगळी इन्फर्मेशन फ्री आहे. लायब्ररीत बस, दोन वीकेंडमध्ये तूच प्लॅन बनवशील. वर परीक्षांसाठी बॉर्डर ओलांडून बफेलोला ड्राइव्ह करा, आणि इथल्या युनिव्हर्सिटीज ते क्रेडिट घेतील याची गॅरंटी कोण देणार?" त्याचं बरोबर होतं. सात वर्षं गणितापासून भूगोलापर्यंत सगळं मीच शिकवलं, मग एका वेळापत्रकासाठी मला कोच कशाला हवी?

तरी मी हट्टाला पेटले. पोरगी एकोणिसाव्या वर्षी ग्रॅज्युएट होणार, तीही स्वतःच्या खोलीत बसून, असं मी दिसेल त्याला ऐकवत होते.

फी भरण्याआधी एक फॉर्म होता. त्यात पालकांचा भाग वेगळा, विद्यार्थ्याचा वेगळा. जाई पोहायला गेली होती. मी दोन्ही भाग भरले आणि पाठवून दिले. तिचे सगळे फॉर्म पहिल्यापासून मीच भरते, डेंटिस्टचे काय आणि लायब्ररीचे काय. त्यामुळे आपण काही भलतं करतोय असं मनातही आलं नाही.

गुरुवारी कोचचा फोन आला. मी तो स्पीकरवर ठेवला. बाई गोड बोलणारी होती. तिने जाईची म्हणून आलेली उत्तरं जाईलाच वाचून दाखवली: मला घर सोडून जायचं नाही, मला एकटीने अभ्यास करायला आवडतं, माझी आई हीच माझी सगळ्यात जवळची मैत्रीण. "डू आय हॅव दॅट राइट, जाई?"

जाईने माझ्याकडे पाहिलं. चिडली नाही रे. चिडली असती तर मी भांडून मोकळी झाले असते. "आय डिडन्ट राइट दॅट," एवढंच म्हणाली. मग तू काय लिहिलं असतंस, असं कोचने विचारलं. "आय वॉन्ट टु अप्लाय टु लंडन. बायॉलॉजी. आय वॉन्ट टु लिव्ह इन रेझिडन्स अँड सिट इन अ रूम फुल ऑफ पीपल." लंडन म्हणजे आमचं इथलंच, ऑन्टारिओतलं, गाडीने अडीच तासांवरचं, आणि रेझिडन्स म्हणजे तिथलं हॉस्टेल. ती हे भरभर म्हणाली, बरेच दिवस पाठ करून ठेवल्यासारखं.

कोचनेच सांगितलं, आत्ता पैसे भरू नका, आधी दोघी एकमेकींशी बोला.

दादा, आता टाळत आलेलं लिहिते. जाईला पाचवीत शाळेतून काढलं तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, मुली तिला छळतात. ते खरं होतं, पण दोनच महिने. छळणारी मुलगी पुढे शाळाच सोडून गेली. जानेवारीत जाई स्वतः म्हणाली, "आई, आय कॅन गो बॅक नाऊ." बॅगसुद्धा भरली होती तिने. मी नको म्हटलं. नागपूरला कॉलेजात शंभर-शंभर पोरं मला मॅडम म्हणायची, आणि इथे मला कुणी नोकरीवर घेत नव्हतं. दिवसभर बोलायला माणूस नव्हतं. जाई घरी असली की मी निदान कुणाची तरी शिक्षिका असायचे. तीन वर्षांपूर्वी तू म्हणालास, "आता तरी हायस्कूलला पाठव, रश्मी. पोरीला स्वतःसाठी घरात ठेवू नकोस." मी फोन आपटला. तू नेमकं ओळखलं होतंस, त्याचाच राग आला.

काल कपड्यांच्या घड्या घालता घालता हे सगळं जाईला सांगून टाकलं.

"आय नो, आई. आय वॉज टेन, नॉट टू."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर यू वुड हॅव सेंट मी. मग तू दिवसभर काय केलं असतंस?"

दादा, मला सात वर्षं वाटत होतं की मी तिला सांभाळतेय.

फी भरली नाही. अर्ज ती स्वतः भरते आहे, दार लावून. चहा द्यायला गेले तर तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली नाही. बरं वाटलं आणि वाईटही. ती शेजारच्या खोलीत आहे आणि मला आत्तापासूनच तिची आठवण येते आहे.

पण मघाशी दार किलकिलं करून विचारते, "आर यू शुअर यू'ल बी ओके? जवळचं कॉलेज पण आहे." माझ्यापायी तिचा पाय निघत नाहीये. म्हणून तुझ्याकडे मागते. पुढच्या वर्षी सप्टेंबरात ती जाईल. तू ऑगस्टमध्येच ये. ती गेल्यावर माझी समजूत काढायला येऊ नकोस, ती असताना ये. आपण दोघं स्वयंपाकघरात तावातावाने भांडत असताना तिला निघू दे. गाडीतून मागे वळून पाहिलं तर दारात मी तिला एकटी दिसायला नको.

येशील ना?

तुझी, चुकलेली आणि वाट बघणारी,
रश्मी