फ्रीजमधला हिवाळा

बाबा, तुमचं मेपलचं झाड गेल्या वर्षी तोडलं. सिमल्यातल्या आपल्या क्वार्टरपुढचा रस्ता रुंद करायचा होता. शेजारच्या काकांनी फोन करून कळवलं, आणि झाड पडायच्या आधी खाली सांडलेल्या पंखांच्या बिया गोळा करून, इकडे येणाऱ्या त्यांच्या मुलाच्या हाती माझ्याकडे पाठवल्या. मूठभर. तुम्ही बीपासून वाढवलेल्या त्या झाडाचं आता एवढंच उरलं होतं, आणि ते आलं कुठे, तर अबू धाबीजवळ, मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये, जिथे नोव्हेंबरातही एसी लागतो.

थंडी सोसल्याशिवाय हे बी उठत नाही, असं तुम्ही म्हणायचात. तिथे ती बर्फाखाली फुकट मिळायची. इथला हिवाळा फक्त फ्रीजमध्ये. म्हणून बिया ओल्या वाळूत मिसळून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरल्या आणि डबा मागे सारला. तुम्ही मला माझी स्वतःची कुंडी दिली होतीत, आठवतं? मी रोज काडीने माती उकरून बघायचे. एकदा तुम्ही पकडलंत. "बी म्हणजे काय परीक्षेचा निकाल आहे? उकरशील तर मारशील!" तुमचा तो आवाज ऐकून मी स्वयंपाकघरात आईच्या मागे लपले होते. यावेळी मी एकदाही झाकण उघडलं नाही. सगळा हिवाळा हात आवरला. हे तुम्ही मान्य कराल अशी आशा आहे.

आपल्या घरांत श्रीखंडाचा डबा कधी टाकून देत नाहीत, तिथेच घात झाला. पाडवा मधल्या वारी आला की इथे तो रविवारी साजरा करतात; यंदा मंडळाचं जेवण रास अल खैमाला होतं. श्रीखंड आमच्याकडून, तसल्याच जुन्या डब्यांत भरलेलं. तुमचे जावई मांडामांड करायला सकाळी लवकर निघाले. मागून मी आंब्याची डाळ घ्यायला फ्रीज उघडते, तर एक डबा मागे राहिलेला. उचलला तर हलका. झाकण काढलं. पिवळंधमक श्रीखंड. म्हणजे वाळूचा डबा यांच्याबरोबर गेला होता. मी कागद चिकटवला होता हो डब्यावर, पण ओलीने तो सुटून खाली भाजीच्या ट्रेमध्ये पडला होता.

यांचा फोन लागेना. मार्चचं ऊन, गाडीची डिकी, आणि पलीकडे कुणीतरी "ई, हे काय!" म्हणत डबा कचऱ्यात उपडा करणार. शेवटी ज्यांच्या घरी जेवण होतं त्या ताईंना फोन केला. त्या खुशीत होत्या. "अगं, तुझे मिस्टर मघाशीच पोचले. श्रीखंड सैल नको व्हायला म्हणून सगळे डबे डीप फ्रीझरमध्ये टाकलेत. टेन्शन खलास! तुम्ही यल्ला, निघा आता."

दैव देतं आणि कर्म नेतं. थंडी हवी, पण उठायला आलेलं बी गोठलं की संपलं, हेही तुम्हीच शिकवलेलं. मी ओरडलेच, "ताई, एक डबा जड आहे, तो आधी बाहेर काढा! त्यात श्रीखंड नाही, माझ्या वडिलांचं झाड आहे!" पलीकडे फ्रीझरचं दार वाजलं.

रस्ता संपता संपेना. मी गाडी जोरात हाणत होते. शेजारी लेक बसलेली. ती इथेच वाढली, तुम्हाला तिने पाहिलेलंही नाही. "आई, रिलॅक्स. दे आर जस्ट सीड्स," ती म्हणाली. मला रडू आलं. ती दचकली. नंतर वाटभर तिने माझ्या मांडीवर हात ठेवला होता.

ताईंनी डबा ओट्यावर टॉवेलात गुंडाळून ठेवला होता. बाहेर काढला तेव्हा कडेची वाळू दगडासारखी झाली होती, असं त्या म्हणाल्या. त्यातल्या बिया काळपट, दाबल्या की पाणी सुटणाऱ्या. मी एकेक बाजूला काढत गेले. मधली वाळू मऊ होती. तिथे लेकीच्या बोटाला काहीतरी लागलं. "आई, लुक. धिस वन हॅज अ टेल." पांढरं, नखाएवढं मूळ. एकच.

ते आता स्वयंपाकघराच्या खिडकीत कुंडीत आहे. दोन पानं आलीत. जावई विचारतात, "जुलैत काय करणार?" लेक म्हणते, "इट नीड्स अ विंटर, आई." एक पानगळ बघितल्याशिवाय झाड आपलं म्हणू नये, हा तुमचा नियम. इथे पानगळ कुठून आणू?

हे पत्र पाठवायचंही कुठे? क्वार्टर अजून आहे, तुम्ही नाही. म्हणून तुम्हालाच सांगते, घरात कुणाला बोललेले नाही. काल सगळे बाहेर गेल्यावर मी फ्रीजचा खालचा कप्पा काढून टाकला आणि कुंडी आत ठेवून पाहिली. बसते.